कर्करोगाचं पसरणंही आईकडून येतं का? जन्मजात जनुकं, प्रतिकारशक्ती आणि मेटास्टॅसिस

प्रश्न थोडक्यात असा. आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि चार वर्षांनी तो हाडांत आणि यकृतात निघाला. त्यातच ती गेली. आता मुलीला ४३व्या वर्षी स्तनात लहानशी गाठ निघाली आहे, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनच्या इशाऱ्यावर वाढणारी), काखेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ. ती विचारते: आजार आईकडून आला असेल तर त्याचं पसरणंही आईसारखंच होणार का? आणि मला लहानपणापासून सारखी सर्दी होते, म्हणजे प्रतिकारशक्ती कमीच. ती वाढवली तर पसरणं टळेल का?

तिलाच सांगतो. पहिल्याचं उत्तर: काही अंशी अनुवंशाचा हात असतो, पण तुम्ही समजता त्या वाटेने नाही. दुसऱ्याचं: प्रतिकारशक्तीचा पसरण्याशी संबंध फार मोठा आहे, मात्र त्या प्रतिकारशक्तीचं तुमच्या सर्दीशी काही देणंघेणं नाही. आता जरा सविस्तर.

आईच्या गाठीतल्या पेशींमध्ये जे बिघाड साठत गेले, ते त्या गाठीतच झाले आणि आईबरोबर संपले. एका पेशीत एक म्युटेशन (जनुकात झालेला बदल), तिच्या वंशात आणखी काही, मग त्यातली एखादी शाखा ऊतीतून वाट काढून रक्तात उतरते: हे सगळं आईच्या शरीरात, तिच्या हयातीत घडलं. ते बीजांडातून तुमच्याकडे येऊच शकत नाही. तुमची गाठ नवी आहे आणि तिच्या म्युटेशन्सही तिच्या स्वतःच्या आहेत. तुमच्याकडे आली ती आईच्या जन्मजात जनुकांची निम्मी प्रत. ही प्रत गाठीतल्या पेशींत आहेच, शिवाय तुमच्या लिम्फोसाइट्समध्ये (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी), यकृतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि प्लेटलेट्स बनवणाऱ्या अस्थिमज्जेतही आहे. म्हणजे जन्मजात जनुक दोन ठिकाणांहून काम करू शकतं: कर्करोगाच्या पेशीतून, किंवा ती पेशी ज्या शरीरातून प्रवास करते त्या शरीरातून. रोग का होतो याचा विचार करताना सगळे पहिल्या जागेकडे बघतात. तो का पसरतो याचा विचार करताना दुसरी जागा निदान तितकीच महत्त्वाची आहे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हाती आलेला पुरावा मला तरी तिकडेच जास्त ओढतो.

रोग होणं आणि रोग पसरणं यांची जनुकं वेगळी असू शकतात, हे आधी मनात पक्कं करा. याचं सर्वांत चांगलं उदाहरण ज्या जनुकाची धास्ती प्रत्येक घरात असते तेच आहे. बीआरसीए-१ या जनुकाचा मागोवा अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये १७व्या गुणसूत्रापर्यंत नेला. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागलं आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२. यांत जन्मजात दोष असेल तर स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता खूप वाढते, यात वाद नाही. म्हणून साहजिकच वाटतं की असा कर्करोग जास्त आक्रमकही असणार. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपर्यंतच्या २,७३३ स्तन-कर्करोग रुग्ण स्त्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दहा वर्षांनी बीआरसीए दोष असलेल्यांपैकी ७३.४ टक्के हयात होत्या, नसलेल्यांपैकी ७०.१ टक्के, संख्याशास्त्राच्या हिशेबाने फरक नाहीच. दोषामुळे रोग होण्याची शक्यता वाढली होती, पण झालेल्या रोगाचा शेवट त्यामुळे बिघडला नाही.

आता पसरण्याकडे. पेशंटच्या मनात चित्र असतं की एक पेशी सुटली की संपलं. प्रत्यक्षात पसरणं ही कर्करोगाच्या पेशीच्या दृष्टीने अतिशय अवघड गोष्ट आहे. तिला मूळ ऊतीतून बाहेर पडायचं असतं, वाहिनीत शिरायचं असतं, रक्ताच्या झोतात टिकायचं असतं, दुसऱ्या अवयवात बाहेर यायचं असतं आणि तिथे, परक्या ऊतीत, वाढायचं असतं. अमेरिकेतले संशोधक आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशींना किरणोत्सारी खूण करून त्या उंदरांच्या रक्तात सोडल्या. २४ तासांनी १ टक्क्याहून कमी पेशी जिवंत होत्या, आणि फुप्फुसात गाठ तयार करण्यापर्यंत पोचल्या त्या ०.१ टक्क्याहूनही कमी. बाकीच्या वाटेतच मेल्या. याच्या कितीतरी आधी, १८८९ मध्ये, स्टीफन पॅजेट या इंग्लिश शल्यविशारदाने स्तन-कर्करोगाने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून पाहिल्या होत्या. रोग यकृतात वारंवार जातो, प्लीहेत क्वचितच, आणि नुसत्या रक्तपुरवठ्यावरून याचा खुलासा होत नाही हे त्याच्या लक्षात आलं. बी सगळीकडे पडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच, असं त्याने लिहिलं. ही माती म्हणजे तुमचं शरीर, आणि तिची घडण बऱ्याच अंशी जन्मजात.

मातीचा परिणाम वेगळा काढून दाखवायचा तर बी तेच ठेवावं लागतं. माणसांत ते अशक्य. उंदरांत शक्य आहे. अमेरिकेतले संशोधक केंट हंटर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक देखणा प्रयोग मांडला. स्तनाचा कर्करोग हमखास घडवणारं एकच जनुक असलेले नर घेतले आणि त्यांचा संकर वेगवेगळ्या शुद्ध वंशांच्या माद्यांशी लावला. पिल्लांमध्ये कर्करोगाला सुरुवात करून देणारं जनुक सगळीकडे तेच. गाठी सगळ्यांना झाल्या. पण फुप्फुसात किती पसरलं हे मोजलं, तर आई कोणत्या वंशाची यावर ते कमालीचं बदलत होतं. पुढे याच मार्गाने सिपा-१सारखी जनुकं नेमकी ओळखता आली. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूट या जनुक-संशोधन संस्थेच्या गटाने याहून पुढची पायरी गाठली: मेलॅनोमाच्या पेशी अगदी त्याच घ्यायच्या, आणि त्या अशा उंदरांच्या शेपटीच्या शिरेत सोडायच्या, ज्यांच्यात प्रत्येक वंशात एकेक जनुक बंद केलेलं आहे. असे ८१० वंश तपासले. त्यांपैकी २३ जनुकं फुप्फुसात रोग किती रुजतो यावर परिणाम करणारी निघाली. त्यांत सर्वांत ठळक एसपीएनएस-२. हे जनुक नसेल तर पसरण्याचं प्रमाण सुमारे चौपटीने घटत होतं, आणि कारण कर्करोगाच्या पेशीत नव्हतं. त्या उंदरांच्या फुप्फुसात टी-पेशी आणि एनके पेशी (दोन्ही कर्करोगाच्या पेशी मारू शकणारे लिम्फोसाइट्सचे प्रकार) जास्त साचून राहत होत्या, एवढंच. अनुवंश आणि प्रतिकारशक्ती हे तुमचे दोन प्रश्न खरं तर एकमेकांत गुंतलेले आहेत ते इथे.

माणसांत हे दाखवणं कठीण, कारण प्रत्येकाची गाठ वेगळी आणि प्रत्येकाचं शरीरही वेगळं. स्वीडनमध्ये पिढ्यांच्या नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या असल्याने तिथल्या संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला: पालक आणि मूल दोघांनाही तोच कर्करोग झाला, तर पालकाच्या रोगाचा शेवट जसा झाला तसाच मुलाच्या रोगाचाही होतो का? २००७ मध्ये आलेलं उत्तर असं की स्तन, प्रोस्टेट, मोठं आतडं आणि फुप्फुस या कर्करोगांत तसा कल दिसतो. इथे तुम्ही लगेच दचकाल. थांबा. हा सरासरीचा कल आहे. त्यात गाठीचा प्रकारही येतो, घरातल्या सवयीही येतात, डॉक्टरकडे लवकर जाणं-न जाणंही येतं. शिवाय ज्या काळातल्या आईशी तुम्ही स्वतःची तुलना करताय, त्या काळातले उपचारही वेगळे होते.

नेमकं जनुक सांगता येईल अशी दोन उदाहरणं आहेत, दोन्ही न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या सोहेल तवाझोई यांच्या प्रयोगशाळेतली. पहिलं एपीओई. हे जनुक अल्झायमरमुळे प्रसिद्ध आहे. त्याच्या तीन रूपांपैकी ई-४ हे रूप अल्झायमरचा धोका वाढवतं. २०२० मध्ये दिसलं की मेलॅनोमात चित्र उलटं आहे: ई-४ असलेल्यांचं बरं चालतं, ई-२ असलेल्यांचं वाईट. माणसाची ही रूपं बसवलेल्या उंदरांत ई-४ असेल तर ट्यूमरविरुद्ध प्रतिकारयंत्रणा जास्त जोमाने उठते. चांगलं जनुक आणि वाईट जनुक अशी वाटणी करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावं.

दुसरं तुमच्या आजारातलंच आहे. पीसीएसके-९ हे कोलेस्टेरॉलचं जनुक. त्याला अडवणारी इंजेक्शनं हृदयरोगात २०१५ पासून वापरात आहेत. या जनुकाच्या एका सर्रास आढळणाऱ्या रूपाचा स्तन-कर्करोगाच्या पसरण्याशी संबंध असल्याचं २०२५च्या सुमारास प्रसिद्ध झालं. सुरुवातीच्या टप्प्यातला रोग असलेल्या स्वीडिश स्त्रियांच्या एका गटात, ज्यांच्याकडे या रूपाच्या दोन्ही प्रती होत्या त्यांच्यात १५ वर्षांत दूर पसरण्याचं प्रमाण २२ टक्के होतं. बाकीच्यांत २ टक्के. आकडे डोळे विस्फारणारे आहेत. पण हेही बघा: युरोपीय वंशाच्या गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांकडे ही दुहेरी प्रत असते. म्हणजे 'धोक्याचं' रूप हेच तिथलं नेहमीचं रूप, आणि ते असलेल्या बहुसंख्य स्त्रियांचा रोग पसरलेला नाही. इतर वंशांत ते किती बोलकं ठरेल हे अजून तपासायचं आहे. संशोधन म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. चाचणी म्हणून आज मी ते कुणालाही करायला सांगत नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी उपचारात एका गोळीचाही फरक पडणार नाही.

आता प्रतिकारशक्ती. ही प्रत्यक्ष कशी दिसते ते सांगतो. तुमच्या गाठीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कर्करोगाच्या पेशी मोठ्या, ओबडधोबड, फिकट-जांभळ्या केंद्रकांच्या दिसतात. त्यांच्या आसपास गडद निळे, गोल, ठिपक्यांसारखे दाणे असतात. केंद्रकाभोवती पेशीद्रव्याची जेमतेम कड. ते लिम्फोसाइट्स. काही गाठींत हे दाणे पेशींच्या पुंजक्यांत थेट घुसलेले असतात. काहींत ते कडेला दाटीने उभे, पण आत एकही नाही. आणि काहींत ते जवळपास नसतातच. कोऱ्या जागेत नुसता कर्करोग. पॅथॉलॉजिस्ट हे प्रमाण 'टीआयएल' म्हणून टक्क्यांत लिहितो. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ दोन्ही नसलेल्या) आणि हर-२ पॉझिटिव्ह (हर-२ हे वाढीचं प्रथिन जास्त असलेल्या) प्रकारांत हा आकडा पुढचं बरंच सांगून जातो. तुमच्या हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात तितकं नाही, म्हणून रिपोर्टमध्ये तो नसला तर घाबरू नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फ्रान्सच्या जेरोम गॅलाँ यांनी २००६ मध्येच दाखवलं की गाठीच्या मध्यात आणि कडेला किती आणि कोणत्या टी-पेशी आहेत, यावरून रोग परतणार का याचा अंदाज नुसत्या स्टेजपेक्षा चांगला बांधता येतो.

टी-पेशीला कर्करोगाची पेशी ओळखायची तर एका मध्यस्थाची गरज असते: एचएलए. पेशीच्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे हे रेणू पृष्ठभागावर आणून दाखवतात. एचएलएची जनुकं ६व्या गुणसूत्रावर असतात. ए, बी आणि सी अशा तीन जागा, प्रत्येकीची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून. म्हणजे जास्तीत जास्त सहा वेगवेगळे प्रकार. प्रत्येक प्रकार वेगळ्या जातीचे तुकडे पकडतो, त्यामुळे विविधता जितकी जास्त तितकं जास्त काही टी-पेशींच्या नजरेस पडतं. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारे उपचार) घेतलेल्या दीड हजारांवर रुग्णांच्या २०१८च्या अभ्यासात सहाही प्रकार वेगळे असलेल्यांचं आयुष्यमान जास्त आढळलं. आणि कर्करोगाला हे जणू 'कळलेलं' असतं: फुप्फुसाच्या नॉन-स्मॉल-सेल कर्करोगांपैकी सुमारे ४० टक्क्यांत ट्यूमरने आपल्या पेशींतली एचएलएची एक प्रत टाकून दिलेली सापडते. जन्मजात मिळालेली विविधता गाठीने आपल्यापुरती पुसलेली असते. अर्थात, पेशीने एचएलए पूर्णच टाकून दिलं तर ती एनके पेशींच्या तावडीत सापडते. ज्या पेशीवर एचएलए दिसत नाही तीच त्या मारतात. हे स्वीडनच्या क्लास शेरा यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. रक्तात एकट्यादुकट्या फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशींचा मोठा हिस्सा एनके पेशीच संपवतात. ज्या वाचतात त्या अंगाभोवती प्लेटलेट्स चिकटवून घेतात किंवा झुंडीने प्रवास करतात. अशा झुंडी रक्तात क्वचित असतात, पण उंदरांत मोजल्यावर एकट्या पेशीपेक्षा त्यांची गाठ रुजवण्याची ताकद २३ ते ५० पट भरली.

जन्मजात दोष आणि प्रतिकारशक्ती यांची गाठ कशी पडते याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण लिंच सिंड्रोम. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी काही जनुकं असतात. त्यांतलं एक जन्मतः बिघडलेलं असेल तर मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता खूप वाढते, तीही तरुण वयात. पण दुरुस्ती बंद पडल्यामुळे त्या गाठीत हजारो चुका साचतात, त्यातून शरीराला अनोळखी अशी प्रथिनं बनतात, आणि टी-पेशी त्या गाठीवर अक्षरशः तुटून पडतात. परिणाम आकड्यांत दिसतो. मोठ्या आतड्याच्या सगळ्या कर्करोगांत दुरुस्ती बिघडलेले सुमारे १५ टक्के असतात (यांत लिंचचे थोडे, बाकीच्यांत हा बिघाड गाठीतच झालेला असतो); पण दूर पसरलेल्या, चौथ्या स्टेजच्या कर्करोगांत त्यांचं प्रमाण ४-५ टक्क्यांवर येतं. म्हणजे रोग होतो, पण पसरायला त्याला अवघड जातं. याच कारणाने अशा ट्यूमरवर इम्युनोथेरपी विलक्षण चालते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध 'कोणत्याही अवयवातला असो, दुरुस्ती बिघडलेली असली की द्या' अशा धर्तीवर मंजूर केलं; अवयव न बघता मंजुरी मिळालेलं ते पहिलंच कर्करोगाचं औषध. २०२२ मध्ये गुदाशयाच्या अशा कर्करोगाच्या पहिल्या १२ रुग्णांत डोस्टारलिमॅब हे त्याच धर्तीचं औषध दिल्यावर बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशनशिवाय आणि रेडिएशनशिवाय.

प्रतिकारशक्ती नुसती मारते असंही नाही. कित्येकदा ती पसरलेला रोग वर्षानुवर्षं दाबून ठेवते. याचा पुरावा एका दुर्दैवी घटनेतून मिळाला. ब्रिटनमध्ये एका व्यक्तीचा मेलॅनोमा १९८२ मध्ये काढून टाकला होता. ती बरी झाली असं सगळे धरून चालले. १९९८ मध्ये तिचा वेगळ्याच कारणाने मृत्यू झाला आणि दोन्ही मूत्रपिंडं दोन जणांना बसवली गेली. दोघांनाही मेलॅनोमा झाला, आणि तो दात्याचा होता. १६ वर्षं त्या पेशी दात्याच्या शरीरात होत्या. तिथे त्यांना वाढू दिलं गेलं नव्हतं. नव्या शरीरात, प्रत्यारोपण टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असताना, त्या वाढल्या. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यापासून 'पसरला' आणि 'पसरला नाही' असे दोनच कप्पे करायला मी बिचकतो. तुमच्या प्रकारच्या स्तन-कर्करोगात दहा-पंधरा वर्षांनी रोग हाडात निघतो तेव्हा तो नव्याने पसरलेला नसतो. पेशी तिथे आधीच जाऊन निपचित पडलेल्या असतात.

आणि हीच यंत्रणा कधीकधी कर्करोगाला हातभारही लावते. मॅक्रोफेज या प्रतिकारयंत्रणेच्या पेशी जखम भरून काढण्याचं काम करतात. ट्यूमरमध्ये त्या तेच काम करतात आणि नव्या रक्तवाहिन्या, सैल झालेली ऊती, रक्तात शिरायची वाट हे सगळं कर्करोगाला आयतं मिळतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना अडकवायला डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. २०१८ मध्ये उंदरांत दिसलं की फुप्फुसाला तंबाखूच्या धुराने दीर्घकाळ सूज आली की या जाळ्यांवरचे विकर आसपासची प्रथिनं तोडतात आणि त्या तुकड्यांमुळे निपचित पडलेल्या कर्करोग-पेशी पुन्हा वाढू लागतात. नियामक टी-पेशी, ज्यांच्या शोधाला २०२५चं नोबेल मिळालं, एरवी आपल्याच शरीरावरचा हल्ला थोपवतात. ट्यूमरमध्ये त्या ट्यूमरवरचा हल्लाही थोपवतात.

म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवायची' हे वाक्य ऐकलं की मी विचारतो: कोणती? सारखी सर्दी होणं हे नाकातल्या अस्तराशी, ॲलर्जीशी, कुणाच्या संपर्कात येता त्याच्याशी निगडित असतं. ट्यूमरमध्ये टी-पेशी शिरतील का हे त्यावरून कळत नाही. केमोत पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा संसर्गाचा धोका असतो, 'आता रोग पसरेल' असा त्याचा अर्थ नसतो. आणि त्या वाढवायचं इंजेक्शन कर्करोगावरचा उपचार नसतो. खऱ्या अर्थाने प्रतिकारशक्ती कमी म्हणजे प्रत्यारोपणानंतरची औषधं, उपचाराविना एचआयव्ही, महिनोन्महिने मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, काही दुर्मीळ जन्मजात आजार. यांपैकी काही तुम्हाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. नसेल तर तुमची प्रतिकारशक्ती 'कमी' आहे हे घरच्यांचं मत आहे, निदान नव्हे. 'इम्युनिटी'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पावडरींनी स्तनाच्या कर्करोगाचं पसरणं थांबल्याचा पुरावा नाही, आणि काहींचा यकृतावर ताण येऊन केमो लांबणीवर पडते. चेकपॉइंट औषधं, ज्यांच्यामागच्या शोधासाठी ॲलिसन आणि होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं, तीसुद्धा सरसकट प्रतिकारशक्ती वाढवत नाहीत. टी-पेशीवरचा एक विशिष्ट लगाम सोडतात. तेवढ्यानेही आतडं, थायरॉइड, फुप्फुस यांना सूज येऊ शकते. लहान, हार्मोन पॉझिटिव्ह गाठीत त्यांचं आज काम नाही.

ॲस्पिरिनबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून लिहितो. वर सांगितलेल्या, एकेक जनुक बंद केलेल्या उंदरांच्या कामातून एआरएचजीईएफ-१ हे जनुकही पुढे आलं. केंब्रिजच्या गटाने २०२५ मध्ये त्याचा धागा उलगडला: प्लेटलेट्स थ्रॉम्बॉक्सेन (रक्त गोठायला मदत करणारं रसायन) सोडतात, त्यामुळे टी-पेशीतलं या जनुकाचं प्रथिन कामाला लागतं आणि टी-पेशी मंदावते, ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन कमी करतं, टी-पेशी मोकळी होते, उंदरांत पसरणं घटतं. मला या कामाचं कौतुक आहे. त्याच वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, गाठीत पीआयके-३ या पेशीच्या वाढीच्या मार्गातलं विशिष्ट म्युटेशन असलेल्या रुग्णांना रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर रोग परतण्याचं प्रमाण तीन वर्षांत १४.१ टक्क्यांवरून ७.७ टक्क्यांवर आलं. तरीही स्तनाच्या कर्करोगासाठी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. पोटात आणि मेंदूत रक्तस्राव होतो तेव्हा तो खरा असतो, उंदरातला नसतो.

व्यायामाचं मात्र मी मोकळेपणाने सांगतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांत रोगमुक्त राहण्याचं प्रमाण वाढल्याचं ८८९ रुग्णांच्या चाचणीत २०२५ मध्ये दिसलं. कारण प्रतिकारशक्ती असेल किंवा दुसरंच काही. चालायला सुरुवात करायला ते ठरण्याची वाट बघायला नको. धूम्रपान असेल तर आजच बंद.

आता तुमच्या हातातल्या कागदांकडे या. तुमच्यासारख्या हार्मोन पॉझिटिव्ह रोगात पाच वर्षं हार्मोन अडवणारी गोळी घेऊन थांबलेल्या स्त्रियांचा २० वर्षांपर्यंतचा मोठा एकत्रित अभ्यास २०१७ मध्ये आला. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि स्वच्छ काख असलेल्यांत ५ ते २० वर्षांच्या काळात रोग दूर निघण्याचं प्रमाण १३ टक्के होतं. तेवढ्याच गाठीत काखेतल्या ४ ते ९ ग्रंथींत रोग असेल तर ३४ टक्के. इतका फरक नुसत्या काखेने पडतो. आईच्या काखेत काय होतं, तिच्या गाठीचा प्रकार कोणता होता, हे रिपोर्ट सापडले तर डॉक्टरांना दाखवा. दोन गाठींची तुलना तिथे होते. आणि हार्मोन अडवणारी गोळी अर्ध्यात सोडू नका. निपचित पेशींवर सिद्ध झालेला तुमच्या प्रकारातला सर्वांत भक्कम उपाय तोच आहे.

जनुकांची एक चाचणी तुम्ही करायलाच हवी: बीआरसीए आणि सोबतची काही जनुकं. वय पन्नाशीच्या आत आणि आईला तोच आजार, एवढं कारण पुरेसं आहे. त्याआधी घरची वंशावळ नीट मांडा, वडिलांच्या बाजूचीही, कारण दोष तिकडूनही येतो. 'आजीला पोटाचा होता' एवढंच बहुतेक घरांत ठाऊक असतं. तो अंडाशयाचा होता की आतड्याचा, हे कुणा मोठ्या माणसाला विचारून बघा. दोष निघाला तर दुसऱ्या स्तनाचं आणि अंडाशयांचं काय करायचं हे ठरवता येतं, रोग जास्त जोखमीचा असेल तर ओलापॅरिबसारखं औषध देता येतं, आणि तुमच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तोच दोष असण्याची शक्यता ५० टक्के असल्याने त्यांचीही तपासणी करता येते. भावांचीसुद्धा, प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाचा धोका त्यांनाही असतो, आणि त्यांच्या मुलींपर्यंत दोष पोचू शकतो. रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' आलं, म्हणजे अर्थ न लागलेला बदल, तर त्यावरून कोणतंही ऑपरेशन ठरवायचं नसतं. लॅब काही वर्षांनी त्याचं वर्गीकरण बदलू शकते, आणि बदललं तर बहुतेक वेळा तो बदल निरुपद्रवी ठरतो. रिपोर्टची प्रत जपून ठेवा आणि दर दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांना एवढंच विचारा की त्यात काही नवीन कळलं का.